दिसतंय चांगलं, मग पडदा कशाला दाखवायचा?

पत्र

डॉक्टर, नमस्कार. मी तासगाव तालुक्यातली. ह्यांचं वय 48, शुगर निघून नऊ वर्षं झाली. घरचा टेम्पो आहे, सीझनला रात्री द्राक्षं भरून वाशी मार्केटला जातात. मागच्या महिन्यात गावात शिबिर होतं. तिथल्या मुलीनं फोनसारख्या कॅमेऱ्यानं ह्यांच्या डोळ्यांचे फोटो काढले आणि लगेच चिठ्ठी दिली, 'दोन्ही डोळे रेफर, रेटिना तज्ज्ञांना दाखवा.' हे म्हणाले, मशीनला काय कळतंय, डॉक्टरांनी कुठं बघितलं? मग चष्म्याच्या दुकानात जाऊन आले, तिथं शेवटची ओळसुद्धा वाचली. आता म्हणतात, एप्रिलमध्ये माल संपला की बघू. रात्री समोरच्या गाडीच्या लाइटचा त्रास होतो असं मात्र मधूनमधून बोलतात. उपाशीपोटी शुगर 150-160 असते. तीन महिन्यांची टेस्ट वर्षापूर्वी केली, 9.1 आली होती. बीपीची गोळी 'आता बरं वाटतंय' म्हणून बंद केली आहे. सासूबाईंचा तर डोळ्याच्या दवाखान्यालाच विरोध. आमच्या भावकीतल्या आबांना शुगरमुळं लेझर केलं आणि सहा महिन्यांत त्यांचं दिसायचं बंद झालं. ह्यांची खरी भीती वेगळी आहे, ती एकदाच बोलून दाखवली. डोळ्यात काही निघालं तर लायसन्स जाईल. मी कसं समजावू? हे दरवर्षी दाखवावं लागतं का? आणि मलाही धाकट्याच्या वेळी गरोदरपणात शुगर झाली होती, नंतर गेली. मीपण पडदा तपासून घ्यायचा का?

उत्तर

ताई, एप्रिलपर्यंत थांबू नका. एखाद्या फेरीचं भाडं बुडालं तरी बुडू दे, पण येत्या पंधरा दिवसांत यजमानांना रेटिना तज्ज्ञांकडे न्या. हे आधीच सांगून टाकते. पुढचं सगळं वाचायला त्यांना वेळ झाला नाही, तर एवढं तरी त्यांच्यापर्यंत पोचावं.

चष्म्याच्या दुकानात त्यांनी शेवटची ओळ वाचली, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. दुकानदारानंही काही चुकीचं केलेलं नाही. पण तो तक्ता पडद्याच्या, म्हणजे डोळ्याच्या आत मागच्या भिंतीवर असलेल्या रेटिनाच्या, अगदी मधल्या, जेमतेम दीड मिलिमीटर रुंदीच्या जागेची परीक्षा घेतो. अक्षरं आपण तेवढ्याच जागेनं वाचतो. बाकीचा पडदा त्या परीक्षेला बसलेलाच नसतो, आणि मधुमेहाचा आजार बहुतेक वेळा त्या बाकीच्या पडद्यावरच सुरू होतो. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, पाणी येत नाही. खुर्चीत बसून तक्ता घडाघडा वाचणारी, आणि बाहुली मोठी करून आत पाहिलं की पडद्यावर जागोजागी रक्ताचे ठिपके असलेली माणसं आम्हा नेत्रतज्ज्ञांना रोज भेटतात. त्यांना ते खरंच वाटत नाही. वाटणार तरी कसं?

आत होतं काय ते थोडक्यात सांगते. पडद्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या केसाहून बारीक असतात. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की त्यांच्या भिंती कमकुवत होतात आणि मग बागेतल्या जुन्या ठिबकच्या नळीची दोन्ही दुखणी सुरू होतात. कुठं झिरपतं, कुठं चोकअप होतं. झिरपलेलं पाणी आणि चरबी पडद्याच्या मध्यभागी साचली तर तिथं सूज येते आणि अक्षरं पुसट होऊ लागतात. वाहिनी बंद पडली तर तिच्यापुढचा पडदा रक्ताविना राहतो. तो एक रसायन सोडतो आणि त्यामुळं नव्या वाहिन्या उगवतात. ऐकायला हे बरं वाटतं, प्रत्यक्षात ती आजाराची सगळ्यात वाईट पायरी असते. या नव्या वाहिन्या इतक्या नाजूक असतात की काही कारण नसताना फुटतात आणि डोळ्यात रक्त उतरतं. माणूस रात्री चांगला झोपतो आणि सकाळी म्हणतो, डोळ्यापुढं काळं जाळं आलंय. आदल्या दिवशी त्याला विचारलं असतं तर त्यानंही शेवटची ओळ वाचून दाखवली असती.

'दिसायला कमी आलं की दाखवू' हा हिशोब मोतीबिंदूला एक वेळ चालतो. मोतीबिंदू पिकून नजर गेली तरी ऑपरेशननंतर ती बहुधा परत येते. पडद्याचा मेलेला भाग परत येत नाही. म्हणून ही तपासणी आहे ती ज्यांना चांगलं दिसतं त्यांच्यासाठीच. ज्यांना दिसत नाही ते आपणहून येतातच.

आता 'मशीनला काय कळतंय' याकडे येते. प्रश्न रास्त आहे, उडवून लावण्यासारखा नाही. 2018 मध्ये मुंबई महानगरपालिकेच्या दवाखान्यांत याचीच परीक्षा घेतली गेली. डोळ्यांच्या कॅमेऱ्याचा पूर्वानुभव नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यानं स्मार्टफोनवर बसवलेल्या कॅमेऱ्यानं मधुमेहींच्या पडद्याचे फोटो काढले. फोनमधल्याच प्रणालीनं ते इंटरनेटशिवाय वाचले आणि नंतर तेच फोटो रेटिना तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे वाचले. नीट फोटो मिळालेल्या 213 जणांचा हिशोब मांडला, तेव्हा तज्ज्ञांनी 'पुढे पाठवा' म्हटलेला एकही माणूस मशीननं सोडला नव्हता. उलट ज्यांना पाठवायची गरज नव्हती त्यांच्यातल्या शंभरातल्या 11-12 जणांनाही मशीननं पाठवलं होतं. 213 हा आकडा लहान आहे, त्यामुळं 'एकही सोडत नाही' असं कुठल्याच मशीनबद्दल मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण चूक कुठल्या बाजूला होते ते बघा. मशीन चुकलं तर जास्तीच्या माणसाला दवाखान्यात पाठवून चुकतं. तुमच्या यजमानांच्या बाबतीत तसं झालं असेल तर एक दिवस वाया जाईल आणि आपण सगळे खूश होऊ.

आणखी एक शक्यता आहे. फोटो धूसर आला तरी 'रेफर' असंच लिहून येतं. मधुमेहात बाहुली लहान राहते, मोतीबिंदूही लवकर धरतो. त्यामुळं बाहुली मोठी करायचे थेंब न घालता काढलेले फोटो पुष्कळदा पुसट येतात. पण ही शक्यता पकडून घरी बसू नका. धूसर फोटोचा अर्थ पडदा कुणीच पाहिलेला नाही एवढाच होतो.

मी पंधरा दिवस का म्हणाले तेही सांगते. फोटोत अगदी सुरुवातीच्या एक-दोन खुणा असतील तर या प्रणाली सहसा रेफर करत नाहीत, वर्षानं पुन्हा या म्हणतात. मध्यम पायरीपासून पुढं किंवा मध्यभागी सुजेची शंका आली की पाठवतात. मध्यम पायरी असेल तर तज्ज्ञ तपासून 'सहा महिन्यांनी या' म्हणतील आणि सुईसुद्धा लावणार नाहीत. नव्या वाहिन्या उगवलेल्या असतील तर महिनाभरही थांबता येत नाही. या दोन्ही माणसांना चिठ्ठी एकच मिळते. तिच्याकडे बघून एप्रिल परवडेल की नाही हे तुम्हालाही सांगता येणार नाही, मलाही नाही. भारतात चाळिशीपुढच्या मधुमेहींची मोठी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष 2022 मध्ये आले. साधारण आठातल्या एकाच्या पडद्यावर आजाराच्या खुणा होत्या, आणि पंचविसातल्या एकाची नजर जाण्याच्या धोक्यात होती. म्हणजे बहुतेकांचं ठीक असतं. यजमान त्या बहुतेकांत आहेत की नाहीत, एवढाच प्रश्न आहे.

आबांबद्दल. मी त्यांचा डोळा पाहिलेला नाही, त्यामुळं त्यांचं नक्की काय झालं हे सांगणार नाही. पण प्रत्येक गावात असे एक आबा असतात आणि त्यांची गोष्ट बहुधा एकाच क्रमानं जाते. शुगर पंधरा-वीस वर्षांची, डोळा कधी दाखवलेला नाही, एक दिवस अचानक दिसेनासं होतं, मग धावपळ, मग लेझर. लेझर गेलेली नजर परत आणत नाही, राहिलेली राखायचा प्रयत्न करतं. हे त्यांना आधी कुणी नीट सांगितलेलं नसतं. डोळ्यात आधीच रक्त उतरलेलं असेल किंवा पडदा ओढला जाऊ लागला असेल, तर लेझर करूनही नजर जाऊ शकते. मग गावात बोलणं होतं की लेझरनं डोळा गेला. अमेरिकेत 1970च्या दशकात या लेझरची मोठी चाचणी झाली. नव्या वाहिन्या उगवलेल्या डोळ्यांत, लेझर न केलेल्यांच्या तुलनेत, नजर पार जाण्याचं प्रमाण लेझरनं निम्म्याहून खाली आलं. तेव्हापासून ते वापरात आहे. सासूबाईंना एवढंच सांगा की आबांना दहा वर्षं आधी दाखवायला मिळालं असतं तर कदाचित लेझर लागलंही नसतं.

मध्यभागी सूज असेल तर हल्ली डोळ्यात इंजेक्शन देतात. ऐकून अंगावर काटा येतो, पण डोळा बधिर करून देतात आणि काम काही मिनिटांत होतं. खरी अडचण वेगळी आहे. सुरुवातीला ही इंजेक्शनं साधारण दर महिन्याला घ्यावी लागतात आणि मध्येच सोडून चालत नाही. यजमान सतत रस्त्यावर असतात ही गोष्ट डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. नव्या वाहिन्यांसाठी नुसत्या इंजेक्शनांवर ठेवलेला पेशंट मध्येच गायब झाला, तर त्याचा डोळा लेझर केलेल्या पेशंटपेक्षा जास्त बिघडतो असं आढळलं आहे. तुमच्या घरच्या वेळापत्रकाला कुठला उपचार झेपेल हे ठरवायला डॉक्टरांना ही माहिती लागते, आणि पेशंट ती सहसा सांगत नाहीत. खर्चाची वेळ आलीच तर महात्मा जोतिराव फुले योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. उपचार योजनेत बसतो का ते रेशनकार्ड दाखवून त्यालाच विचारा.

आता लायसन्स. ही भीती त्यांनी एकदाच बोलून दाखवली असं तुम्ही लिहिलंत. मला वाटतं बाकीची सगळी कारणं, मशीन, सीझन, आबा, हिच्यावर घातलेलं पांघरूण आहे. तेव्हा सरळ बोलू. शिबिरातला फोटो किंवा दवाखान्याचा केसपेपर आरटीओकडे जात नाही. लायसन्सचं नूतनीकरण करताना फॉर्म 1अ वर डॉक्टरांची सही लागते. त्यात नजर कशी आहे हे विचारलेलं असतं, अंतरावरची नंबरप्लेट वाचता येते का, रातांधळेपणा आहे का, असे प्रश्न असतात. पडद्यावर चार ठिपके सापडले म्हणून कुणी लायसन्स काढून घेत नाही. नजर गेली तर मात्र ते जातंच. आणि लपवण्यासारखं नाही म्हणून हेही सांगते, की पडद्यावर भरपूर लेझर करावं लागलं तर रात्रीचं आणि बाजूचं दिसणं थोडं कमी होऊ शकतं. रात्री गाडी चालवणाऱ्याला ते नक्की जाणवेल. तेवढं लेझर लागण्याची वेळ येते ती आजार पुढं गेल्यावर. म्हणजे ज्या कारणासाठी ते तपासणी टाळताहेत, तेच कारण त्यांना लवकर दवाखान्यात घेऊन जायला हवं.

एक गोष्ट त्यांना आवडणार नाही. रात्री समोरच्या लाइटनं डोळे दिपतात ना? ते मोतीबिंदूमुळं असेल, नंबरमुळं असेल, पडद्यामुळं असेल, किंवा नुसती काच खराब असेल. तपासेपर्यंत कळणार नाही. तोवर रात्रीच्या फेरीला बदली ड्रायव्हर घ्या. घाटात समोरून येणाऱ्यालाही घर आहे.

चष्म्याचा नंबर मात्र आत्ता बदलून घेऊ नका. साखर वरखाली होते तसा नंबरही हलतो. साखर काही आठवडे स्थिर राहिल्यावर काढलेला नंबरच खरा. सासूबाई गुलाबपाणी किंवा मध डोळ्यात घालायला सांगत असतील तर तेही नको. पडदा डोळ्याच्या पार मागच्या भिंतीवर असतो, बाहेरून घातलेलं काही तिथं जाऊन उपयोग करत नाही.

तुम्ही पत्रात जे आकडे दिलेत ते मला त्या चिठ्ठीपेक्षा जास्त खटकले. पडद्याचा धोका नुसत्या डोळ्यावरून ठरत नाही. शुगर किती वर्षांची आहे, तीन महिन्यांची सरासरी किती, बीपी किती, लघवीतून प्रथिनं जातात का, यावरून तो बऱ्यापैकी सांगता येतो. नऊ वर्षं, 9.1 आणि बंद केलेली बीपीची गोळी, या तीन गोष्टी समोर आल्यावर फोटो न बघताही मी म्हणाले असते, या माणसाचा पडदा बघा. उपाशीपोटीच्या 150-160 वर फार विसंबू नका. माणूस टेस्टच्या आदल्या दिवशी पथ्य पाळतो. एचबीएवनसी, म्हणजे तुम्ही लिहिलेली तीन महिन्यांची टेस्ट, मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब सांगते.

बीपीबद्दल थोडं जास्त बोलते, कारण ते सगळ्यात दुर्लक्षित आहे. शुगर आणि डोळा यांचा संबंध आता बऱ्याच लोकांना माहीत झालाय. बीपीचा नाही. ब्रिटनमध्ये मधुमेहींवर एक प्रदीर्घ अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 1998 मध्ये आले. एका गटाचं बीपी सरासरी 144/82 वर ठेवलं, दुसऱ्या गटाचं 154/87 वर राहिलं. वरच्या आकड्यात फरक दहाचा. तरी पहिल्या गटात पडद्याचा आजार वाढण्याचा धोका 34 टक्क्यांनी आणि नजर ठळकपणे कमी होण्याचा धोका 47 टक्क्यांनी कमी होता. बीपीच्या गोळ्या फार महाग नसतात. 'बरं वाटतंय म्हणून बंद केली' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकते की त्याचं आता आश्चर्यही वाटत नाही. अहो, बरं वाटतंय ते गोळीमुळं! ज्या डॉक्टरांनी ती दिली होती त्यांच्याकडे या आठवड्यात जाऊन बीपी मोजा आणि त्यांना विचारून गोळी पुन्हा सुरू करा. तिथंच एचबीएवनसी, आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन व लघवीतल्या अल्ब्युमिनची टेस्ट लिहून घ्या. मूत्रपिंड आणि पडदा दोन्हींच्या वाहिन्या बारीक, एकीकडे बिघाड दिसला की दुसरीकडे शोधायचा.

साखर खाली आणायचीच आहे, पण पडदा तपासून घ्या आणि मग जोर लावा. बरीच वर्षं चढी असलेली साखर इन्सुलिननं किंवा नव्या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांनी झटकन उतरवली, तर ज्यांच्या पडद्यावर आधीच आजार आहे त्यांच्यात तो सुरुवातीला काही काळ वाढू शकतो. पुढच्या वर्षांत फायदाच होतो, त्यामुळं उपचाराला घाबरायचं कारण नाही. फक्त त्या दिवसांत डोळ्यांवर कुणाचं तरी लक्ष हवं. फेनोफायब्रेट नावाची रक्तातल्या चरबीवरची जुनी गोळी आहे. स्कॉटलंडमधल्या चाचणीत, तिचे निष्कर्ष 2024 मध्ये आले, सुरुवातीच्या खुणा असलेल्यांचा आजार पुढं सरकण्याचं प्रमाण या गोळीनं साधारण चौथ्या हिश्शानं कमी झालं. यजमानांना ती योग्य आहे का हे मूत्रपिंडाचे रिपोर्ट बघून फिजिशियन ठरवतील. औषधाच्या दुकानातून आपणहून घेऊ नका.

दरवर्षी दाखवावं लागतं का, असं विचारलंत. टाइप 2 मधुमेहात, म्हणजे यजमानांचा आहे तो, निदान झालं त्याच वेळी पहिली तपासणी आणि मग वर्षातून एकदा. निदानाच्या आधी काही वर्षं साखर गुपचूप वाढलेली असू शकते, म्हणून पहिल्याच दिवशी. लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होणाऱ्या टाइप 1 मध्ये पाच वर्षांच्या आत पहिली, मग दरवर्षी. आधीपासून मधुमेह असलेली बाई गरोदर राहिली तर सुरुवातीच्या तीन महिन्यांतच पडदा बघायचा आणि पुढंही बघत राहायचं. आजार सापडला की वर्षाचा नियम संपतो, मग डॉक्टर सांगतील ते अंतर. यजमानांना नऊ वर्षांत हे कुणी सांगितलं नाही यात त्यांचा एकट्याचा दोष नाही. आम्ही डॉक्टर गोळ्या व्यवस्थित लिहितो, खाली 'पडदा तपासा' एवढं लिहायला मात्र हात जड होतो.

दोन वर्षांतून एकदा पुरतं असंही तुमच्या वाचनात येईल. ते खोटं नाही. आइसलँडमध्ये 1980 पासून मधुमेहींचे डोळे पद्धतशीर तपासले जातात. कुणाला कधी बोलवायचं हे प्रत्येकाच्या धोक्यावरून ठरवण्याचं गणितही तिथल्याच संशोधकांनी मांडलं. इंग्लंडमध्ये बारा वर्षांवरच्या प्रत्येक मधुमेह्याला तपासणीचं पत्र घरी येतं. ही व्यवस्था बसल्यावर, पन्नास वर्षांत पहिल्यांदाच, कमावत्या वयातल्या अंधत्वाच्या कारणांत मधुमेह पहिल्या क्रमांकावरून खाली आला, असं तिथल्या 2009-10च्या नोंदींवरून दिसलं. ज्यांचे लागोपाठ दोन फोटो स्वच्छ आले त्यांना 2023 पासून तिथं दोन वर्षांनी बोलवतात. मला हे मनापासून पटतं, कमी धोक्याच्या माणसाला दरवर्षी खेटे घालायला लावण्यात अर्थ नाही. पण तिकडे न आलेल्याला पुन्हा पत्र जातं. आपल्याकडे कोण बोलावणार आहे? दोन वर्षं म्हटलं की त्याची पाच होतात. म्हणून इथं मी सगळ्यांना वर्षच सांगते. यजमानांच्या आकड्यांना तर तिकडंही कुणी दोन वर्षं दिली नसती.

मिरज तुम्हाला जवळ आहे आणि डोळ्यांच्या डॉक्टरांची तिथं कमी नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातही नेत्र विभाग आहे. जाण्याआधी फोन करून 'पडदा बघणारे डॉक्टर कुठल्या वारी असतात' एवढं विचारा. टेम्पो घेऊन जाऊ नका, एसटीनं जा किंवा कुणाला तरी सोबत घ्या. बाहुली मोठी करायला थेंब घालतात, वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. त्यानंतर चार-सहा तास जवळचं पुसट दिसतं आणि उजेड सहन होत नाही. टोपी किंवा गॉगल न्या. त्या दिवशी आणि त्या रात्री गाडी चालवायची नाही. थेंबांनी डोळा कमजोर होत नाही. क्वचित कुणाचा डोळ्यातला दाब वाढू शकतो, म्हणून परत आल्यावर डोळा जोरात दुखू लागला किंवा उलटी झाली तर लगेच फोन करा. शिबिराची चिठ्ठी, सगळे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला.

डॉक्टरांकडून केसपेपरवर तीन गोष्टी लिहून घ्या, दोन्ही डोळ्यांच्या वेगवेगळ्या. आजार कुठल्या पायरीला आहे, मध्यभागी सूज आहे की नाही, पुन्हा कधी यायचं. गर्दीत 'ठीक आहे, औषध घ्या' एवढंच कानावर पडेल, तेवढ्यावर उठू नका. पडद्याचा फोटो काढला तर तो फोनमध्ये घ्या, पुढच्या वर्षी ताडून बघायला उपयोगी पडतो. आणि भेटीच्या तारखेआधीच डोळ्यापुढं अचानक काळे धागे तरंगू लागले, विजेसारखं चमकलं, एका बाजूनं अंधार सरकला किंवा दाराची चौकट वाकडी दिसू लागली, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी जा. एकेक डोळा झाकून बघायची सवय लावा. दोन्ही उघडे असले की चांगला डोळा वाईटाचं झाकून नेतो.

समजावायचं कसं, तर 'आंधळे व्हाल' असं घाबरवू नका. ते आधीच घाबरलेले आहेत आणि म्हणूनच टाळताहेत. लायसन्सचं वर लिहिलंय तेवढं त्यांना स्वतःला वाचू द्या. मग वाशीहून परत आल्यावर ज्या दिवशी तसाही आराम असतो तो दिवस धरा, आणि नंबर तुम्हीच लावून टाका.

शेवटी तुमचं. फक्त गरोदरपणात आलेल्या आणि नंतर गेलेल्या साखरेसाठी पडदा तपासायची गरज नसते. तुमची गरज वेगळी आहे. त्या वेळी साखर झालेल्या बाईला पुढं कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो, म्हणून तिनं जन्मभर दर एक ते तीन वर्षांनी रक्त तपासायचं असतं. धाकट्याच्या जन्मानंतर तुम्ही ते केलंय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, त्यावरून मी काय समजायचं ते समजले. साखर निघाली तर मग पडद्याची पहिली तपासणी लगेच करायची. मिरजेला जाल त्याच सकाळी तुमचंही उपाशीपोटी रक्त देऊन टाका आणि मग डबा उघडा. यजमानांनी मात्र उपाशी यायचं नाही. नेहमीसारखं खाऊन आणि शुगरची गोळी घेऊनच निघायचं, कारण डोळ्याच्या ओपीडीत नंबर यायला दुपार होते.